चौथीच्या वर्गातला अबोला

२ फेब्रुवारी १९५९, सोमवार
आजपासून चौथीचा वर्ग माझ्याकडे. बेचाळीस मुले. हेडमास्तर रामरावांनी हजेरीपट, खडूचा डबा आणि एक छडी दिली. म्हणाले, "शरयूबाई, ह्याच्यावाचून हे पोट्टे ऐकत नसतात." छडी कपाटावर ठेवली, हात पोचणार नाही अशी. ट्रेनिंगमध्ये बालमनाच्या पेपरात मला सत्तरपैकी एकसष्ट मार्क होते.
निश्चय: या वर्गात कोणाला मारायचे नाही. कोणी घाबरायचे नाही. मुले आनंदाने चांगली वागतील.

३ फेब्रुवारी
वर्गात फार गोंगाट. एकाने दुसऱ्याची टोपी खिडकीतून फेकली. मी तीनदा "बाळांनो" म्हटले.

४ फेब्रुवारी, सकाळी
उपाय सापडला. सापडला काय, घरातलाच आहे. अमरावतीला मी नऊ वर्षांची होईपर्यंत अण्णांनी मला घरीच शिकवले. एकदाही हात उचलला नाही. चूक झाली की अबोला. मी दौत सांडली तेव्हा अण्णा पाच दिवस बोलले नाहीत. आईही नाही. सहाव्या दिवशी मी पायावर डोके ठेवले आणि कायमची सुधारले. अजूनही दौत उघडताना माझे हात थरथरतात, इतकी काळजी घेते. अण्णा आणि काका चौदा वर्षे बोललेले नाहीत. आमच्याकडे सगळीच माणसे शिस्तीची.
नियम केले. जो चुकेल त्याच्याशी वर्गात कोणी बोलणार नाही. त्यानेही बोलायचे नाही. सगळ्यांसमोर माफी मागितली की अबोला सुटेल. नोंदीसाठी वेगळी वही.

६ फेब्रुवारी
पहिला अबोला मोतीरामला, टोपीबद्दल. अर्धा तास टिकला. मग उठून म्हणाला, "बाई, आजची घ्या माफी, अन् उद्याची बी आताच घेऊन ठेवा." वर्ग हसला. मीही हसणार होते, पण आवरले.

११ फेब्रुवारी
सात अबोले, सात माफ्या. वर्ग शांत होत आहे. मॉनिटर ललिता फार हुशार, जानराव पाटलांची मुलगी. कोण कोणाशी बोलले ते मधल्या सुट्टीत पाटीवर लिहून आणते. मी सांगितले नव्हते, तिचे तिलाच सुचले.
दुपारी मैनाची आजी गोदाबाई आली. म्हणाली, "बाई, पोट्टी तीन दिवसांपासून माह्याशी बोलून नाही राहिली. मी काय केलं वं?" मैनाला विचारले. आजीने शेजारणीला शिवी दिली होती. आजीने वर्गात उभे राहून माफी मागितली. सुधारणा घरापर्यंत पोचली!

१६ फेब्रुवारी, सोमवार
ऊन वाढले आहे. मधल्या सुट्टीत रांजणापाशी गडबड. पंचफुलाने लांब दांड्याचे ओगराळे स्वतः उचलून पाणी घेतले आणि ललिता किंचाळली.
पंचफुला गणितात वर्गात पहिली. वडील डोमाजी रेल्वेत गँगमन. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या वस्तीने घरातले देव काढून बुद्धाची तसबीर लावली. तिच्या वस्तीतून चौथीत ती एकटीच. बाकीची मुले ओगराळ्याने आपापले पाणी घेतात; तिच्या ओंजळीत ललिता वरून ओतते. हे मला माहीत नव्हते. म्हणजे दिसले होते, पण ललिता लहानांना मदत करते असे वाटले होते.
मी वर्गात स्पष्ट सांगितले की सर्वांना सारखे पाणी हा सरकारी नियम आहे, आणि जातीचा इथे प्रश्नच नाही. प्रश्न रांगेचा. पंचफुलाचा नंबर नव्हता.
ती म्हणाली, "माफी कायची मांगू बाई? मले तहान लागली होती."
वहीत लिहिले: पंचफुला, रांग मोडणे.

१८ फेब्रुवारी
माफी नाही. जानरावांनी गड्याबरोबर ताकाचा गडू पाठवला. निरोप: "बाईनं बरं केलं." हे रांगेसाठी आहे असे त्यांना कळवायला हवे होते. गडी घाईत होता. उद्या कळवीन. ताक आंबट नव्हते.

२१ फेब्रुवारी, शनिवार
सहावा दिवस. मला पाच दिवस पुरले होते. मुलगी हट्टी आहे, पण हट्ट म्हणजे चारित्र्यच, फक्त त्याला वळण लावायचे असते.
खडू फिरवताना मुले तिला ओलांडून पुढे देतात. ती बोटाने मातीत गणिते करते. उत्तरे बरोबर असतात. मला दिसले, पण बोलता येईना. नियम मीच केला आहे, आणि शिक्षकाने नियम मोडला तर मुलांनी काय शिकायचे?
रामराव दारातून डोकावले. "बाई, पोट्टे हायेत का घरी गेले?" बेचाळीसही होती. मी प्रश्न विचारते तेव्हा मुले आधी एकमेकांकडे बघतात, मग ललिताकडे, आणि मग उत्तर देतात. एकजूट वाढल्याचे हे लक्षण.

२४ फेब्रुवारी
परवा डेप्युटी साहेब शाळा तपासायला येणार. भिंतीवर कागदाच्या पताका. मागच्या भिंतीतले दगड सुटले आहेत, त्यावर नकाशा टांगला. दुरुस्तीचा अर्ज मनात तयार आहे.
पंचफुला जाताना दाराशी थांबली. काही विचारायचे होते असे वाटले. चाळीस मुले बघत होती. मी हजेरीपटात पाहिले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार, सायंकाळी सहा
आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस.
साहेब अडीचला आले. वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. साहेबांनी कविता म्हणवून घेतली, नद्या विचारल्या. तरटाच्या मागच्या पट्टीवर पंचफुला दोन्ही हातांनी पाऊल घट्ट धरून बसली होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी, तोंडातून अवाक्षर नाही. अंगाला घाम. ओठ दातांखाली.
साहेबांनी विचारले, "का रडतेस बाळ?" तिने माझ्याकडे पाहिले. बोलली नाही. मी त्यांना हळूच सांगितले की हा पश्चात्ताप आहे, दहा दिवसांनी आला आहे, आणि या वर्गात छडी नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला. शेरा लिहिला: "शिस्त अनुकरणीय."
पाचला घंटा झाली. मुले रांगेने गेली. पंचफुला भिंतीला धरून, एका पायावर. उद्या ती माफी मागेल. मागितली की मी तिला जवळ घेणार.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
तिला विंचू चावला होता.
डोमाजींनी पहाटेच्या गाडीने तिला अकोल्याला दवाखान्यात नेले. पाय मांडीपर्यंत सुजला, तोंडाला फेस, शुद्ध नाही. रामरावांनी सांगितले आणि मागच्या पट्टीचे तरट उचलले. विंचू तिथेच होता, चेचलेला.
वर्गाला विचारले, कोणी पाहिला होता? सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिले.
मोतीराम उभा राहिला. "म्या पाह्यला बाई. नकाशामागून निघाला. तिच्या पायाकडे गेला."
मी विचारले, तिला सांगितले का नाही?
ललिता म्हणाली, "तिच्याशी बोलायचं नव्हतं ना बाई."
मग मला तरी? मोतीराम म्हणाला, "तिच्याबद्दल बोललो असतो त आमालेबी अबोला लागला असता."
आणखी कोणी पाहिला होता, म्हणून विचारले. हात वर करायला सांगितले. हात मोजायचे नव्हते, पण सवयीने मोजले. एकोणीस.

२८ फेब्रुवारी
अकोल्याहून बातमी नाही. भिंत शाळा चालवणाऱ्या जनपद सभेची आहे. दुरुस्ती त्यांच्याकडे. विंचू कुठल्याही शाळेत निघू शकतो. छडीच्या वर्गातही निघतो. हे सगळे खरे आहे. तरी जेवण गेले नाही.

३ मार्च, मंगळवार
पंचफुला शुद्धीवर आली. वाचली. देवाला हात जोडले.
वर्गात सांगितले की अबोला आजपासून बंद, वही बंद, सगळ्यांनी सगळ्यांशी बोलायचे. बोला, म्हटले. कोणी बोलेना. पुन्हा म्हटले, बोला. मैना रडू लागली. तिला वाटले ही परीक्षा आहे, बोलले की नाव लिहिणार.

६ मार्च
रांजणापाशी स्वतः उभी राहिले. प्रत्येकाने आपल्या हाताने पाणी घ्यायचे, कोणी कोणाला ओतायचे नाही. ललिता घरून तांब्या घेऊन आली. तिचे बघून सोमवारपर्यंत अकरा तांबे येतील असे रामराव म्हणतात. मला वाटते, तीन-चार येतील.
पंचफुला आली की तिला पुढच्या पट्टीवर बसवायचे. बुडालेली गणिते मी घरी शिकवीन. चौथीच्या परीक्षेला पाच आठवडे आहेत, ती सहज पहिली येईल. अकोल्याच्या कन्याशाळेसाठी शिफारसपत्रही लिहायला घेतले आहे.

९ मार्च, सोमवार
अकरा तांबे.
दुपारी डोमाजी आले. दाराबाहेरच उभे राहिले. आत या म्हटले, तर चपला काढून आले. धुतलेला सदरा, खिशाला पेन. म्हणाले, "बाई, पोरीचा दाखला पायजे. अकोल्याले तिच्या मामाजवळ ठेवतो."
मी म्हटले, परीक्षा पाच आठवड्यांवर आली आहे, वर्ष वाया जाईल, तिकडे जूनमध्ये पुन्हा चौथीतच बसवतील. मी तिला पुढे बसवीन, मी स्वतः लक्ष ठेवीन. बरेच बोलले. ते ऐकून घेत होते.
मग म्हणाले, "पोरगी म्हन्ते, बाई चांगल्या हायेत, मारत नाहीत. मंग शाळेचं नाव काढलं का ते पांघरुणात तोंड खुपसते, थे काहून, तुमीच सांगा."
मी पाणी हवे का विचारले. ते नको म्हणाले.
दाखल्याचा फॉर्म काढला. वर्तणूक: उत्तम. अभ्यास: उत्तम. शाळा सोडण्याचे कारण. इथे थांबले. डोमाजींना विचारले, काय लिहू?
"तुमाले मालूम हाय थे लिवा."
खूप विचार केला. खोटे लिहायचे नव्हते. 'वडिलांची इच्छा' असे लिहिले.
डोमाजींनी ते वाचले. मग त्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचले. कागदाच्या चार घड्या करून खिशात ठेवला आणि दाराशी जाऊन चपला घालू लागले. काहीतरी म्हणावे म्हणून मी म्हटले, पंचफुलाला परीक्षेसाठी माझे आशीर्वाद सांगा.
ते वळून माझ्याकडे पाहत राहिले. मग माझ्या लक्षात आले की तिला यंदा परीक्षा नाही.