गोठ्याचा डबा आणि मालिकेचा डबा

राजुरी. मंगळवार, जेवणं झाल्यावर

आज घरात माझं कौतुक चाललंय आणि मी अर्ध्या ताटावरून उठले.

बिबट्याच्या भीतीनं पोरानं गोठ्यावर कॅमेरा बसवला. त्याचा डबा टीव्हीला जोडला की गोठा घरात दिसतो. पण जोडायची वायर एकच. मालिका बघायची तर ती कॅमेऱ्याच्या डब्यातून उपसून मालिकेच्या, केबलच्या डब्यात खुपसायची. मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण बघून बघून शिकले. लई आनंद झाला होता!

सून धारेला बसली की मी कॅमेरा बघायचा, हे ठरलेलं. आज मी वायर काढून मालिका लावली. थोडीच बघणार होते. जाहिराती लागल्या म्हणून वायर परत लावली, तर बिबट्या गव्हाणीमागं दबा धरून, आणि सुनेची त्याच्याकडं पाठ.

मी दारातून बोंबलले. पोरगा काठी घेऊन धावला, जनावर उसात पळालं.

"आई व्हती म्हणून वाचली," पोरगा सगळ्यांना सांगतोय. कधीचा बसला असंल तो बिबट्या? जाहिराती लागल्याच नसत्या तर? तिची ती पाठ डोळ्यापुढून हलत नाही.

सून पाया पडून म्हणाली, "आत्या, तुमी बघताय म्हणून तर मी मागं वळून बघत न्हाई."

सकाळच्या धारेआधी तिला खरं सांगणार. मग माझ्यावर विसंबणार नाही ती. पण मागं वळून तरी बघंल.