चवथ होईपर्यंत

नार्वे, डिचोली
४ ऑगस्ट २०२५

चि. सेजल हिला आईचे पोटभर आशीर्वाद.

पाय कसा आहे? प्लास्टर ओलं करू नकोस गो बाये. कचेरीतल्या खुर्च्या, पंखे, फोन सगळं तू दुरुस्त करून घेतेस, मग त्या निसरड्या जिन्याने काय घोडं मारलं होतं? इथे लोक विचारतात, मुलगी पेडण्याला काय करते. मी सांगते, ऑफिस सांभाळते. जीव द्यायला निघालेल्यांचे फोन तिथे येतात, हे सांगायला मला अजून जड जातं. ते फोन तू घेत नाहीस, एवढं तरी बरं.

फोनवर मला ऐकू येत नाही आणि फोन असतो ह्यांच्या खिशात, म्हणून लिहिते. बातमी चांगली आहे. नदीवरच्या खनिजाच्या बार्जचं काम सुटल्यापासून हे कसे गप्प झाले होते, तुला ठाऊक आहे. आता एकदम निवांत झालेत. आपला पखवाज भजनातल्या गणेशला देऊन टाकला. आपला कुत्रा समोरच्या बाबलीच्या अंगणात रुळला आहे तर तिथेच राहू दे म्हणाले. श्रीनाथला बोलावून चवथीत गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी कशी बांधायची ते शिकवलं. इतकी वर्षं भाच्याला हात लावू देत नव्हते! काल जवळ बसून म्हणाले, तू माझ्यासाठी पुष्कळ केलंस. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी बोलले नव्हते. मी देवळात नारळ ठेवून आले.

चवथीला वेळेवर ये. माया आहे तशी राहू दे.

तुझी आई,
प्रभावती


पेडणे
७ ऑगस्ट २०२५, दुपार

ती. आईस सेजलचा साष्टांग नमस्कार.

हे एकटी असताना वाच. आमच्या ऑफिसातली पल्लवी स्कूटरवरून घेऊन येते आहे. श्रीनाथला मी फोन केला आहे. पल्लवी पोचेपर्यंत तो चवथीचं निमित्त काढून घरी येऊन बसलेला असेल. त्याने तुला सांगायचं तर ओरडावं लागेल आणि बाबा ऐकतील, म्हणून कागदावर.

तुझं पत्र आज हाती आलं. तू आनंदाने लिहिलंस आणि मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. जी पत्रकं मी छापून आणते त्यांत हेच असतं: आवडीच्या वस्तू देऊन टाकणं, निरोपासारखं बोलणं, मोठ्या त्रासानंतर अचानक शांत होणं. माझी चूक निघाली तर देव पावला. पण फोन घेणाऱ्यांना शिकवणाऱ्या आमच्या सुमंगला मॅडमना पत्र दाखवलं, तर त्या वाचता वाचता उठून उभ्या राहिल्या.

बाबांना सरळ विचार, जीव द्यायचा विचार मनात येतो का. ह्याच शब्दांत. विचारल्याने तो मनात भरत नाही. असला तर बाहेर पडतो. मग रागावू नको, समजावू नको, शपथ घालू नको. फक्त ऐक आणि त्यांना एकटं सोडू नको. मॅडमनी म्हापशाच्या डॉक्टरांची उद्या सकाळची वेळ घेतली आहे. त्यांच्या गाडीतून मी येते. त्याआधी जरा जरी वेगळं वाटलं तर वाट बघू नका, श्रीनाथ थेट इस्पितळात नेईल.

मला शिव्या दे, पण विचार.

तुझी,
सेजल


म्हापसा, इस्पितळ
१० ऑगस्ट २०२५

चि. सेजलला आशीर्वाद.

परवा तू आलीस तेव्हा इतकी माणसं होती की बोलता आलं नाही. तुझं पत्र मी आधी चुलीत घालायला निघाले होते. बापाबद्दल असलं अभद्र लिहिताना तुझा हात कसा चालला, असं वाटलं. पण मग पखवाज आठवला आणि पत्र पुन्हा उघडलं.

हे सोप्यावर बसले होते. मी तुझ्याच शब्दांत विचारलं. ह्यांचे ओठ हलले. मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा म्हटलं. पुन्हा नाही आलं. तेव्हा हे एवढ्या मोठ्याने ओरडले की समोरून बाबली बाहेर आला. रोज येतो म्हणाले. मुलांची चवथ बिघडू नये म्हणून तेवढी होईपर्यंत थांबलोय म्हणाले. मग लहान मुलासारखे रडले. माझ्या तोंडात किती शब्द आले! सगळे गिळले आणि हात धरून बसले. घरातलं जे दूर करायचं ते श्रीनाथने दूर केलं.

डॉक्टरांनी दाखल करून घेतल्यापासून माझ्याशी बोलत नाहीत. तुझ्यावर तर जास्तच राग. कचेरीची माणसं घरात आणलीस म्हणतात. डॉक्टर सांगतात, वेळ लागेल. घरी नेल्यावर चवथ यायचीच आहे. ती जाईल तेव्हा काय, ह्या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नाही.

जवळ राहा, एवढंच मागणं.

आई


नार्वे
३ सप्टेंबर २०२५

चि. सेजलला बाबांचे आशीर्वाद.

घरी आल्यावरही तुझे फोन मी घेतले नाहीत. राग खरा होता. तुझ्या आईने ओरडून सांगायला लावलं, त्यामुळे सगळ्या वाड्याला कळलं. मान वर करवत नव्हती.

विसर्जनानंतरचा दिवस मी मनात धरला होता. तो उजाडला तेव्हा तुझी आई सकाळपासून पदर धरल्यासारखी मागे. मला तिचा वीट आला होता, आणि ती उठून जाईल ह्याची भीतीही वाटत होती. दुपारी बाबली आला. माझ्याशेजारी नदीकडे तोंड करून बसला. मग म्हणाला, बार्ज बंद पडल्या त्या साली त्याच्याही मनात हेच होतं. घरात कुणाला कळू दिलं नाही. मी विचारलं, आता येतो का तो विचार. तो म्हणाला, कधी कधी. तुमच्या ऑफिसचा नंबर त्याला दिला आहे. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही बसलो. दिवस गेला.

बरा झालो असं लिहीत नाही. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. काही सकाळी उठावंसं वाटत नाही; तसं मी तुझ्या आईला सांगतो, मोठ्याने. पण काल दुपारी डोळा लागला, तिने जेवायला उठवलं नाही आणि बांगडा माशाचं हुमण चुलीवर आटून गेलं. त्यावरून मी असा भांडलो की ती हसायलाच लागली. मग माझ्या लक्षात आलं, मला भूक लागली होती.

शनिवारी ये. डिचोलीच्या स्टँडवर मी उभा असेन.

तुझे बाबा,
सगुण