छताला टांगलेलं गलबत

थोगर भावजी,

रविवारी तुम्ही प्रवचनात म्हणालात, "वादळाला गप्प करणारा येशू देवच होता." मी चर्चच्या छताला टांगलेल्या लहानशा लाकडी गलबताकडे बघत होते. तुमच्या भावानंच, माझ्या लाउस्टनं, कोरलेलं ते. समुद्रानं त्याला परत दिलंच नाही.

मग सगळे श्रद्धावचन म्हणायला उठले. 'देवाचा एकुलता एक पुत्र' म्हणताना माझे ओठ मिटले. 'सोसलं, मेला' तेवढं म्हटलं.

दारात सासूबाई म्हणाल्या, "माझाही मुलगाच गेलाय. मी नाही का म्हटलं सगळं?"

भावजी, तो देव असेल, तर लाउस्टच्या हाका ऐकूनही गप्प बसला. माणूसच राहू दे त्याला. माणसाला मी माफ तरी करू शकते.

हे तुम्हाला पाठवायचा धीर नाही.

तुमची वहिनी,
मेट्टे