निळा ठिपका

तीर्थरूप बाबा, तुमच्या भाजलेल्या हातांना नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुमचा खोकला कसा आहे? आईपासून लपवून औषध टाळत नाही ना?

विद्यापीठाला पन्नास वर्षं झाली म्हणून इतिहासाचं दालन उभं राहतंय. पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आहे. तुम्ही काच फुंकायच्या कामावर रुजू झालात तेव्हा इथे दोन गोदामं आणि एक गळका नळ होता. आता साठ विभाग आहेत, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला बस लागते.

पहिल्या प्रयोगशाळेतलं काचेचं उपकरण दालनात मधोमध ठेवलंय. तळाशी तुमचा निळा ठिपका दिसला. पाटीचा मजकूर मात्र आला, 'परदेशी बनावट'.

मी दालनाच्या प्रमुखांना म्हटलं, "हे माझ्या वडिलांनी फुंकलंय. ठिपका त्यांची खूण आहे."

ते हसले. "अहो, इतकं सफाईदार काम आपल्याकडचं कसं असेल? काही कागद आहे का?"

कागद कुठला? तुम्ही सगळे आराखडे खडूने फरशीवर काढलेत आणि संध्याकाळी फरशी स्वतःच पुसलीत. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, इथे तर ओळखतही नाहीत.

पाटी मी लिहिली, बाबा. माझी नोकरी वर्षावर्षाच्या कराराची आहे.

आता तुम्ही पुरावा म्हणून फुंकनळी पाठवायला निघाल, मी ओळखते तुम्हाला. पाठवू नका. तिच्याखालीही तेच लिहायला सांगतील, आणि दुसऱ्यांदा ते माझ्या हातून लिहवणार नाही.

आईला जपा.

तुमची लेक