शेवट गोड करा

१२ ऑक्टो., शनि.
तालीम सेरंगूनला, आमच्या ब्लॉकखालच्या हॉलमध्ये. ग्रीक गोष्टीवरचा आमचा मराठी ऑपेरा. गवई मेलेल्या बायकोला यमाकडून परत आणतो. अट एकच, वर पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. तो बघतो. ती जाते, कायमची. भावजी, म्हणजे ताईचे यजमान, गवई; मी बायको. ताई असती तर हे काम तिचंच होतं. आवाजही आम्हा बहिणींचा सारखा. तिला जाऊन वर्षसुद्धा व्हायचंय. भावजी शिफ्ट संपवून जुरोंग आयलंडच्या कंपनी-बसमधून उतरून थेट आले, कारखान्याचा पास गळ्यातच. वळायच्या जागी असे गायले की पेटीवाला वाजवायचा थांबला.

१९ ऑक्टो.
इथल्या मराठी मंडळाचा हुकूम: दिवाळीच्या कार्यक्रमात रडका शेवट नको. संगीत नाटकासारखा देव प्रकट करा, बायको परत द्या, सगळ्यांनी मिळून मंगल पद म्हणा. ज्याचा शेवट गोड ते सारंच गोड म्हणे! मी भांडणार होते. पण इरा, ताई-भावजींची लेक, बारावं लागलंय, इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली, "लेट हर कम बॅक लाह, मावशी." बदलला शेवट. भावजींना विचारलं नाही, नुसता मेसेज टाकला. उत्तर आलं, "चालेल."

९ नोव्हें., शनि.
झाला एकदाचा प्रयोग. देव प्रकट झाला, घंटा वाजली. आता भावजींनी वळून माझा हात धरायचा. वळलेच नाहीत. मी त्यांच्यामागे हात पुढे करून उभी. कोरसने मंगल पद सुरू केलं, बिचारे काय करणार. भावजी पाठमोरेच विंगेत गेले. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, असंच बसवलंय. इरा पहिल्या रांगेतून उठून गेली.

१० नोव्हें.
बुकित तिमाहला त्यांच्याकडे. उरलेल्या चकल्या नेल्या, शिवाय चार शब्द सुनावायची तयारी. इराचं दार बंद. भावजी चहा ठेवता ठेवता म्हणाले,
"वळलो असतो तर तू दिसली असतीस."
मग म्हणाले, जुन्या शेवटात ताई जाताना तरी बघायला मिळाली असती. हॉस्पिटलात ते राहूनच गेलं, ती गेली तेव्हा शिफ्टवर होते. आणि मी नेमकं तेवढंच काढून टाकलं. एकदा विचारायला काय धाड भरली होती मला?

१३ नोव्हें., बुध.
मंडळाला प्रयोग इतका आवडला की शनिवारी पुन्हा. मी कळवून टाकलं, शेवट जुनाच. अध्यक्ष कुरकुरले. कुरकुरू देत.
इराला मीच सांगितलं, या वेळी बाबा वळेल, पण मग ती जाईल. हेडफोन काढून ऐकलं तिने. मग म्हणाली, "बट ही विल लुक ॲट हर फर्स्ट, राइट?" हो म्हटलं. येशील का विचारलं, तर नुसते खांदे उडवले. पहिल्या रांगेत तिची खुर्ची ठेवायला सांगितली आहे.
तालमीत आज भावजी वळले. मलाच त्यांच्याकडे बघवेना, मान खाली घातली. शनिवारी घालून चालणार नाही.