शेडमध्ये वीज नाही

५ नोव्हेंबर
बाबांची बोट काल शेडमध्ये चढवली. शेडमध्ये वीज नाही. शेडवाला म्हणतो, इथे डिझेल आहे, रंगाचे डबे आहेत, तारा ओढून मला राख करून घ्यायची नाही. बरोबरच आहे त्याचं. बोट बंद आहे तोवर बॅटरी चार्ज ठेवायची जबाबदारी मी घेतली आहे.
दादाला बोट विकायची होती. आई उठून आत गेली. मग दादाच नरमला. म्हणाला, एक मार्चला बोट पाण्यात उतरवू. स्वतःच्या बॅटरीवर सुरू झाली तर ठेवू, नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे. मी लगेच हो म्हटलं. यात अवघड काय आहे?

६ नोव्हेंबर
वहिनी म्हणाली, अगं, बॅटरी काढून घरी आण आणि चार्जरला लावून ठेव, प्रश्न मिटला. तिला कळत नाही. बाबा आले तर आधी शेडमध्ये जातील, मग घरी. किल्ली फिरवतील आणि बॅटरीच जागेवर नाही? मला ते इन्स्पेक्टर म्हणतात. लगेच विचारतील, काय इन्स्पेक्टर, झोपा काढल्या का?
ऑगस्टमध्ये बोट पाण्यावर एकटीच सापडली, बाबांशिवाय. इंजिन बंद, चपला जागेवर, पुढचा दिवा चालू. सगळे चपलांचंच बोलतात. दिव्याचं कोणी बोलत नाही. मोरीतला दिवा राहिला तर बाबा घर डोक्यावर घेत. उगाच दिवा जाळणारा माणूस नव्हे. चालू ठेवला, म्हणजे परत यायचं होतं.

१२ नोव्हेंबर
बाबांचा नियम: बॅटरीवर विश्वास ठेवू नये, रोज बघावं. बोटीतलं पाणी उपसायचा पंप चालवून बघावा, भोंगा वाजवून बघावा, पुढचा दिवा लावून बघावा. रोज सकाळी ते एवढं करत आणि मग माणसं पलीकडच्या काठावर न्यायला निघत. मीही रोज करणार, औषधाच्या दुकानातून सुटल्यावर.
भोंगा मात्र यापुढे नाही. शेजारच्या बोटीला रंग देणारा माणूस शिडीवरून पडता पडता वाचला. जे बोलला ते इथे लिहीत नाही.

२० नोव्हेंबर
मीटर लावून पाहिलं. बॅटरी उतरली आहे. काही कारण नाही. मी सगळं बंद करून निघते. शिवाय रस्त्याच्या टोकावरून परत येते आणि दिवा लावून बघते, नीट बंद होतो ना.

२९ नोव्हेंबर
सोलर पॅनेल आणलं. शेडच्या पत्र्यावर बसवलं. आता काळजी मिटली. इतके दिवस हे कोणाला सुचलं कसं नाही?

६ डिसेंबर
आठवडाभर ढग. पॅनेलवर कबुतरं बसतात. खाली बोटीत बसलं की वर कोणीतरी चालतंय असं वाटतं. मी घाबरत नाही.

१५ डिसेंबर
शेवटी बॅटरी घरी न्यावीच लागली. एका रात्रीपुरती. फार जड. वहिनीची जुनी बाबागाडी घेतली, वर चादर टाकली. नाक्यावर एका बाईने वाकून कौतुकाने विचारलं, किती महिन्यांचं? मी घाईत होते. म्हटलं, चार वर्षं झाली, आता किती दिवस टिकेल सांगता येत नाही. बाईंचे डोळे भरून आले. खोटं काही बोलले नाही.
निघण्याआधी एक चिठ्ठी लिहिली. बोटीत बाबांना दिसेल अशी लावली: 'बॅटरी घरी आहे. उद्या येतेय.'

२ जानेवारी
शेडचं दार उघडलं तर बोटीचा पुढचा दिवा चालू होता. अगदी मंद, लालसर.
काल मी बंद केला होता. दोनदा बघितला होता. तिसऱ्यांदाही बघितला असेल.
दारातूनच हाक मारली. बाबा? बाहेरून शेडवाला ओरडला, कोण आहे? म्हटलं, मी. मीटर बघतेय.
घरी काही सांगितलं नाही. पण अंधारात त्यांना चाचपडावं लागू नये. यापुढे मी तिथे असेपर्यंत दिवा लावून ठेवणार. अर्धाच तास.

१४ जानेवारी
आई शोधत आली. म्हणाली, एवढा वेळ काय करतेस? म्हटलं, तपासणी. म्हणाली, दिवा जाळून? म्हटलं, न जाळता दिवा कसा तपासणार?
मग तीही वर चढून बसली. बाबांच्या जागेवर नाही, माणसं बसतात त्या फळीवर. पत्र्यावर पावलं वाजली की दोघी वर बघायचो. कबुतरंच, असं ती म्हणाली. मी हो म्हटलं. निघायला उशीर झाला.

८ फेब्रुवारी
दादा चिडला. म्हणाला, अगं वेडाबाई, बाबा तपासायचे आणि मग दिवसभर इंजिन चालवायचे. इंजिन बॅटरी भरतं. तू नुसती उपसतेयस. शेडमध्ये इंजिन चालवता येत नाही, ते थंड ठेवायला खाली पाणी लागतं.
हे मला माहीत होतं. हिशेबात धरलंच होतं.
निश्चय: आजपासून दिवा नाही.

९ फेब्रुवारी
दिवा लावला नाही.

१० फेब्रुवारी
लावला. न लावल्याने बिघडला नाही ना, एवढंच बघायला.

२७ फेब्रुवारी
बॅटरी पुन्हा घरी नेऊन चार्ज केली. आज जागेवर बसवली. वहिनी हळूच म्हणाली, यांच्या गाडीतली नवी काढून लाव, कोणाला कळतंय? मी नाही म्हटलं. ठरलं ते ठरलं. तशी गरजही नाही.

२८ फेब्रुवारी
शेवटची तपासणी. दिवा झकास लागला.
उद्या बोट बाहेर निघेल. मग बाबा इथे आले तर त्यांना काय सापडणार? रिकामी जागा. येणार असतील तर आजच येतील. म्हणून दिवा राहू दिला. अर्धा तास. मग अजून थोडा वेळ. मग तो हळूहळू लाल झाला. मी त्याच्याकडेच बघत होते, म्हणजे माझं लक्ष होतं.

१ मार्च
किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. मग तेही नाही.
दादाने गिऱ्हाईकाला हात केला. मला रागावला असता तर बरं झालं असतं.
गिऱ्हाईक आपली बॅटरी घेऊनच आलं होतं. जोडली, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. म्हणाले, जुन्या बोटीला आम्ही बॅटरी नवीच टाकतो. तुम्ही कशाला एवढा त्रास घेतलात, ताई? आमची त्यांनी धक्क्यावर काढून ठेवली.
बोट निघाली तेव्हा आई एकदम ओरडली, अहो, पुढचा दिवा लावा! भर दुपारी. ते हसले, पण लावला. उन्हात दिसला नाही. आई म्हणाली, दिसतोय मला.

२ मार्च
बॅटरी स्वयंपाकघरात आहे, ओट्याखाली. आईनेच जागा करून दिली. रात्रभर चार्जरला होती. सकाळी बघितलं, पूर्ण भरली आहे.
आणखी तपासायला तिला आता ना दिवा जोडलेला आहे, ना पंप.