बेचिराख गावातला दिवा

बाबा, बेचिराख या शब्दात राख नाही, हे तुम्ही मला सातवीत सांगितलंत. निबंधात मी 'शत्रूने गाव जाळून बेचिराख केले' असं लिहिलं होतं आणि तुम्ही स्वयंपाकघरात जेवता जेवता तो वाचत होतात. "बे म्हणजे विना, चिराग म्हणजे दिवा. जिथं संध्याकाळी दिवा लागत नाही ते गाव बेचिराख. जाळावं लागत नाही, माणसं उठून गेली की झालं." वर, तलाठ्याची मुलगी आणि एवढंही ठाऊक नाही! आई म्हणाली, पोरीला घास तरी गिळू द्या. तुमच्या दप्तरात तसा शेरा मारलेली दोन-तीन गावं होती. आपल्या गावावर ती वेळ येऊ नये म्हणून दर दिवाळीत तुम्ही तालुक्याहून तिथे जायचात आणि आपल्या बंद घराच्या ओट्यावर पणती लावून यायचात. मला तो खुळेपणा वाटायचा.

तुम्ही अंथरूण धरलंत त्या दिवाळीत मला सांगितलंत, हॉस्टेलवरून येताना गावात उतर आणि पणती लावून ये. मी उतरले नाही. मैत्रिणींबरोबर पुण्यातच एक दिवस जास्त काढला आणि घरी येऊन बेधडक सांगितलं, लावली. खरं सांगायचं राहिलं ते राहिलंच. फेब्रुवारीत तुम्ही गेलात.

आता मी आयर्लंडमध्ये कासलबारच्या हॉस्पिटलात नोकरी करते. घरामागच्या टेकडीवर एक ओसाड गाव आहे. दगडी भिंती उभ्या आहेत, छप्पर एकावरही नाही. चर्चमध्ये गवत वाढलंय. तिथला पॅरिश, म्हणजे चर्चचा गावगाडा, केव्हाच शेजारच्या पॅरिशला जोडला, पण पाद्री अजून दोन्ही नावं घेतो. हे मला शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सांगितलं. त्याच्या आईचा जन्म वरचा. मी एकदा त्या गावाला 'डिझर्टेड' म्हटलं तर तो उखडलाच. "सोडून नाही गेले, डॉक्टर. काढलं त्यांना. बटाटा सडला, जमिनीचा खंड थकला, जमीनदारानं छपरं उतरवली. उरलेले पोटासाठी इंग्लंडला गेले." तुमचं 'उठून गेली की झालं' मला तेव्हा आठवलं. तुम्ही असतात तर तुमची दोघांची चांगलीच जुंपली असती.

दर नाताळच्या आदल्या संध्याकाळी इथे खिडकीत मेणबत्ती लावतात. म्हाताऱ्याचा पुतण्या त्यासाठी इंग्लंडहून येऊन आजीच्या माहेरच्या पडक्या घराच्या खिडकीतही एक लावायचा. २०२०च्या नाताळात विमानं बंद झाली, आणि म्हाताऱ्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. कुंपणापलीकडून त्यानं मलाच विचारलं, "जाशील का वर?" नाही म्हणता येईना.

गेले. चार वाजताच अंधारून आलं होतं, बूट चिखलात रुतत होते. तीनदा मेणबत्ती पेटवली, तिन्ही वेळा वाऱ्यानं विझली. खाली येताना जिभेवर सोपं उत्तर तयार होतं. पण त्यानं विचारलं तेव्हा म्हटलं, "राहिली नाही. विझली." तो म्हणाला, "पेटली होती ना? मग ग्रँड." इथे ग्रँड म्हणजे, झालं तर, ठीक आहे.

हे सगळं परवा आईला फोनवर सांगत होते. पणतीचं तेवढं गाळलं. ती सहज बोलून गेली, "आपली आळी तरी कुठे उरली होती? शेजारच्या काकूंना ह्यांनीच एसटीत बसवून मुलाकडे धाडलं. तू परीक्षेत होतीस, ह्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात." मी फोन ठेवला.

बाबा, त्या दिवाळीत तुम्ही मला विचारलं होतंत, तेल कुठून आणलंस? मी म्हटलं होतं, शेजारच्या काकूंनी दिलं. तुम्ही जरा वेळ माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "बरं केलंस. हातपाय धू, जेवायला बस."